नव्या घरात आवाज फार घुमतो, घरातल्याच सामानाने कमी कसा करता येईल?

रेवा_ठाणे
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आम्ही नौपाड्यातली चाळीस वर्षांची जागा सोडून घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहायला आलो. बारावा मजला, उजेड भरपूर, वारा भरपूर. पण हॉलमध्ये आवाज इतका घुमतो की चमचा पडला तरी दचकायला होतं.

धागा काढायचं खरं कारण आई आहे. ती ७९ वर्षांची आहे, दोन्ही कानांना यंत्र. नौपाड्यात दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस करायची. इथे आल्यापासून घरात चौघं बोलायला लागले की ती गप्प होते. "ऐकू येतं गं, पण शब्द एकमेकांवर चढतात," म्हणते. हल्ली जेवताना ताटाकडेच बघत बसते. यंत्र तपासून आणलं, उत्तम चालतंय. तिथल्या ताईंनीच उलट विचारलं, घर बदललं का?

हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, बाल्कनीला मोठा सरकता काचेचा दरवाजा, रेक्झिनचा सोफा, काचेचं टेबल. लेकीला धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट नको. स्टुडिओसारखा काळा फोमही नको, आईला आपण दवाखान्यात राहतोय असं वाटेल. बजेट साधारण २५ हजार. कुणी घरच्या घरी हे केलंय का?

झुळूक
जाड पडदे लावा. आम्हाला एवढ्यानेच फरक पडला.

उलवेकर
अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवतात ना? फुकटात होईल. रंग मारला की दिसायलाही बरं.

पारसिक
उलवेकर, ट्रे अजिबात नकोत. तो कागदाचा पातळ लगदा असतो. वरच्या पट्टीचा थोडा आवाज इकडेतिकडे विखुरतो, शोषला असा फारसा जात नाही. आणि झटकन पेट घेतो. बाराव्या मजल्यावर म्हातारं माणूस असताना हे नकोच. थर्माकोलचंही तेच. त्याची छिद्रं बंद असतात, आवाज आत शिरतच नाही.

रेवाताई, आधी एक गोष्ट सांगतो. शाळेत आपण प्रतिध्वनी शिकलो: आवाज निघून ०.१ सेकंदाने परत यायला हवा, म्हणजे भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी. तुमच्या हॉलमध्ये तेवढं अंतर नाही. तिथे आवाज टाइल, काच आणि छत यांवर आपटून पन्नास वेळा परत येतो आणि सगळं मिसळून शेपूट तयार होते. हा निनाद. पहिल्या शब्दाची शेपूट दुसऱ्यावर पडते. तुमच्या आईंनी "शब्द एकमेकांवर चढतात" म्हटलं, त्याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

या शास्त्राची सुरुवात बसायच्या गाद्यांपासून झाली. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह असंच घुमायचं, शिक्षकांचं बोलणं कळेना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. रिकाम्या खोलीत सुमारे साडेपाच सेकंद लागत होते. गाद्या वाढल्या तसा वेळ कमी होत गेला. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. तेवढे सेकंद.

शोषण तो उघड्या खिडकीच्या मापात मोजायचा, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. तुमच्या हॉलची मापं द्या, बघू.

रेवा_ठाणे
मापं: २० फूट बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट. बाल्कनीचा दरवाजा ८ बाय ८.

घोडबंदरी
मग खिडकीच उघडी ठेवायची! पण आपल्या रस्त्यावरचे डंपर घरात येऊन बसतील. :)

पारसिक
घनफळ सुमारे ५९ घनमीटर. त्याला ०.१६१ ने गुणून आले साडेनऊ. टाइल, गिलावा, काच ही सगळी मंडळी आवाजाचा फार तर तीन-चार टक्के भाग खातात. तुमच्या हॉलचं एकूण क्षेत्र ९६ चौरस मीटर आहे, म्हणजे शोषण जेमतेम ४ चौरस मीटर. साडेनऊ भागिले ४, जवळजवळ २.४ सेकंद. रेक्झिनचा सोफा आणि माणसं धरून थोडं कमी होईल. बोलणं स्पष्ट कळायला अर्धा-पाऊण सेकंद बरा, आणि ऐकण्याचं यंत्र असेल तर कमीकडेच जावं.

म्हणजे ४ चे १६ करायचेत. १२ चौरस मीटर उघडी खिडकी विकत घ्यायची आहे असं समजा आणि सामान निवडा.

मोरपंखी
सूत्र वाचून घाबरले होते, पण खिडकीचं उदाहरण लगेच कळलं. धन्यवाद.

सुईदोरा
मी कोपरखैरण्यात बावीस वर्षं पडदे शिवते. "जाड पडदे लावा" एवढ्याने काम होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, चुण्या. काच ८ फुटांची आहे म्हणून ८ फूट कापड घेतलं तर ते सपाट ताणलेलं राहतं, काही उपयोग नाही. निदान अडीच पट, म्हणजे २० फूट रुंदी लागते. कापडाचा पन्हा ४८ इंची असेल तर पाच पाट. प्रत्येक पाट ९ फूट धरा, वरखाली दुमड त्यात येते. म्हणजे ४५ फूट, साधारण १४ मीटर कापड. अस्तर तेवढंच.

दुसरं, कापड. दुकानात ब्लॅकआउट गळ्यात मारतात. त्याला मागून लेप असतो. ऊन अडतं, पण आवाज लेपावरून परत फिरतो. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा थोडी अडखळत पलीकडे जायला हवी. मुळीच गेली नाही तर नको, सहज गेली तर तेही नको. मखमल, जाड सुती, खादीचं भरड विणीचं चांगलं. अस्तर सुती.

तिसरं, दांडा. ब्रॅकेट ५-६ इंच बाहेर आलेलं घ्या. पडदा काचेला चिकटून लोंबला की अर्धं काम वाया. का ते मला माहीत नव्हतं, गिऱ्हाइकांकडे बघून शिकले.

पारसिक
सुईदोराताई, का ते सांगतो. भिंतीला टेकून हवा हलत नाही, आणि कापड आवाज खातं ते हलणाऱ्या हवेतून. लहरीच्या पाव लांबीइतकं अंतर सोडलं की हवा सगळ्यात जास्त हलते. १००० हर्ट्झची लहर साधारण ३४ सेंटिमीटर, तिचा पाव म्हणजे साडेआठ, सव्वातीन-साडेतीन इंच. बाहेर चुण्या आल्या की तुमचे ५-६ इंच अगदी जागेवर बसतात.

घोडबंदरी
हे सगळं वाचून माझी एक तक्रार लिहितो, दुसऱ्या कुणाचे पैसे वाचावेत म्हणून. मी "साउंडप्रूफ पडदा" म्हणून एका दुकानातून १८ हजारांचे पडदे घेतले. रस्त्याचा आवाज जसाच्या तसा. दुकानदार म्हणतो, आणखी एक थर लावा.

पारसिक
घोडबंदरी, दोन वेगळे प्रश्न आहेत. खोलीतला आवाज घुमणं मऊ, सच्छिद्र वस्तूंनी कमी होतं. बाहेरचा आवाज आत येणं वजनाने आणि फटी बुजवून थांबतं: जाड काच, दुहेरी काच, खिडकीच्या चौकटीचे रबर. पडद्याला वजनच नसतं. तुमच्या सरकत्या खिडकीच्या रुळाजवळची फट मेणबत्ती धरून तपासा, ज्योत हलली की तिथून आवाजही येतोय. पडदे फुकट गेले असं समजू नका, हॉल नक्कीच कमी घुमत असेल.

घोडबंदरी
हो, टीव्हीचा आवाज २२ वरून १६ वर आलाय, हे आत्ता तुमच्यामुळे लक्षात आलं.

अप्पा_वाशी
आम्ही १९८४ पासून वाशीत सिडकोच्या घरात. सिडको १९७० साली झाली आणि आम्ही आलो तेव्हा इकडे खाडीचा वारा आणि चिखल एवढंच होतं. आमच्या दोन खोल्यांत कधी आवाज घुमला नाही. का ते आज कळतंय. छत खाली, लोखंडी कपाटावर गाद्यांची चवड, दोरीवर कपडे, कोपऱ्यात पुस्तकांच्या ट्रंका, आणि माणसं सात. सगळं घरच शोषक होतं. आता मुलाचा खारघरला टॉवरमध्ये फ्लॅट आहे. कपाटं सगळी भिंतीत, वर लॅमिनेट. एकही गोष्ट बाहेर दिसत नाही आणि नातवाला हाक मारली की ती आधी मलाच ऐकू येते.

मोरपंखी
अप्पा, गाद्यांची चवड! आमच्याकडे सुट्टीत भावंडं तीवर चढून बसायची आणि आजी ओरडायची.

उलवेकर
माणसंही आवाज खातात का? मग पाहुणे बोलवत राहा, पडद्याचा खर्च वाचेल.

पारसिक
खातात. कपडे घातलेला मोठा माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर. चार माणसं म्हणजे पावणेदोन. म्हणून नाट्यगृहाचे लोक रिकाम्या हॉलची चाचणी भरल्या हॉलसारखी होत नाही हे धरून चालतात. खुर्च्या गादीच्या करतात त्या बसायला मऊ म्हणून, आणि रिकामी खुर्चीही माणसाइतकीच आवाज खाईल म्हणूनही.

तिरकिट
नेरूळहून. मी तबला शिकवतो, म्हणून एक वेगळा सूर लावतो. सगळं मारून टाकू नका. मी उत्साहात क्लासच्या खोलीत चारही भिंतींना फोम लावला होता, पातळ, एक इंची. झालं असं की चाटीची (तबल्याच्या कडेवरच्या बोलाची) धार गेली आणि बायाची, म्हणजे डग्ग्याची, घुमक तशीच राहिली. पातळ फोम फक्त वरची पट्टी खातो. मुलं जोरात वाजवायला लागली, मनगटं दुखायला लागली. अर्धा फोम काढला, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट ठेवलं, खाली जाजम आणि सतरंजी. आता बायाही आवरला आणि चाटही बोलते.

पारसिक
तिरकिटना पूर्ण अनुमोदन, पण रेवाताईंच्या आईंसाठी मात्र मी कमी निनादाकडेच झुकेन. गायला-वाजवायला थोडी शेपूट हवी असते, शब्द कळायला ती नको असते.

तिरकिट
मान्य. पण रेवाताई, आई गुणगुणत असतील तर ते लक्षात ठेवा. फार कोरड्या खोलीत स्वतःचाच आवाज परका वाटतो, माणूस गाणं सोडून देतो.

रेवा_ठाणे
तिरकिट, गुणगुणते. सकाळी देवपूजेच्या वेळी. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. देव बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये आहेत, तिथे काहीच लावणार नाही.

कानोसा
मी ऐकण्याच्या यंत्रांच्या क्षेत्रात काम करते. सामानाचं बरोबर चाललंय, पण आईंसाठी त्याहूनही आधी अंतर.

यंत्र बोलणं मोठं करतं तसं घुमणंही मोठं करतं. चांगली यंत्रं एका दिशेचा आवाज निवडतात, पण निनाद सगळीकडून येतो, तिथे ती कमी पडतात. बोलणारा जितका जवळ असेल तितका त्याचा थेट आवाज भिंतीवरून आलेल्या आवाजापुढे टिकतो. दहा फुटांवरून हाक मारली तर आईंपर्यंत मुख्यतः भिंतीच पोचतात. म्हणून जवळ जाऊन, समोर बसून, चेहऱ्यावर उजेड पडेल असं बोला. ओरडू नका. ओरडण्याने स्वर वाढतात आणि व्यंजनं तशीच राहतात, आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून.

आईंची खुर्ची कुठे आहे? पाठ काचेकडे असेल तर बदला. पाठीमागे मऊ काहीतरी हवं, पडदा किंवा गादीचा उंच टेकू. जेवताना टीव्ही बंद, मिक्सर नंतर. टेबलाच्या काचेवर जाड सुती टेबलक्लॉथ, ताटांचा खणखणाट थेट यंत्रात जातो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, शंभर रुपयांत होतं आणि सगळ्यात आधी फरक त्याचाच जाणवतो. यंत्राला जोडणारा छोटा माईक मिळत असेल तर चौकशी करा. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावला की खोली मधे येतच नाही.

आणि तुम्ही लिहिलंत की त्या ताटाकडे बघत बसतात. हे मी रोज बघते. लोकांना वाटतं वय झालं, विरक्ती आली. तसं नसतं, दर वाक्याला "काय?" विचारायची लाज वाटते त्यांना. तुम्ही वेळेवर विचारलंत.

रेवा_ठाणे
कानोसाताई, वाचून डोळे भरले. खुर्ची काचेकडे पाठ करूनच आहे, उजेडात पेपर वाचता यावा म्हणून आम्हीच ठेवली होती.

झुळूक
ॲलर्जीचं काय? आमच्याकडे पावसाळ्यात गालिच्याला वास सुटला, खालून बुरशी. ठाण्याची हवा जून ते सप्टेंबर काही वाळू देत नाही.

मोरपंखी
झुळूक, गालिचा नकोच. सतरंजी आणि गोधडी. दोन्ही धुता येतात, गच्चीत वाळतात. माझ्या धाकट्याला दमा आहे. दर पंधरा दिवसांनी गरम पाण्यात, आणि पावसाळ्यात गुंडाळून ठेवते.

रेवाताई, आईंच्या हातच्या गोधड्या आहेत का? भिंतीवर लावा!

पारसिक
मोरपंखींची कल्पना फार चांगली आहे. जमिनीवरच्या पातळ सतरंजीपेक्षा भिंतीवरची गोधडी जास्त काम करेल, कारण मागे हवा सोडता येते. सुताराकडून दोन इंच खोलीच्या पाइनच्या चौकटी करून घ्या, त्यावर गोधडी ताणू नका, नुसती टांगा. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर. समोरासमोर दोन्ही कोऱ्या भिंती राहिल्या की टाळी वाजवल्यावर पारव्याच्या पंखांसारखी फडफड ऐकू येते, ती एका बाजूने मोडली की पुरे. रॉकवूलच्या पाट्या जास्त शोषतात, पण लेकीची ॲलर्जी बघता गोधडीच.

एक रुपया खर्च करण्याआधी मात्र सबाइनसारखं करा. घरातल्या सगळ्या गाद्या, रजया, उशा हॉलमध्ये आणा, भिंतींना उभ्या लावा. फोन एका जागी ठेवून आधी आणि नंतर टाळी आणि दोन वाक्यं रेकॉर्ड करा. आईंना ऐकू द्या. त्या हो म्हणाल्या तरच सुताराला बोलवा.

रेवा_ठाणे
(रविवार, संध्याकाळ)
प्रयोग केला. चार गाद्या, सहा रजया, दोन लोड, सगळं हॉलमध्ये. नवरा म्हणाला, मुंजीचं घर वाटतंय.

लेक हॉलच्या एका टोकाला पाढे म्हणत होती, आई दुसऱ्या टोकाला तिच्या खुर्चीत, या वेळी पाठ गादीकडे. तेराचा पाढा चालू होता. "तेरा सख अठ्ठ्याऐंशी," लेक म्हणाली आणि आईने पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर. पुन्हा म्हण."

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. गेले तीन महिने लेक तिच्यासमोर पाढे म्हणत होती आणि आई सगळ्याला मान डोलवत होती.

सोमवारी सुताराला बोलावलंय.

अप्पा_वाशी
वा! माउलीला नमस्कार सांगा.

कानोसा
ऐंशी आणि हत्तर! नेमके असेच शेवट निनादात बुडतात. फार आनंद झाला.

उलवेकर
अंड्यांचे ट्रे रद्द. आजच बाकीच्या अंथरुणांकडे आदराने बघतोय. एक विचारतो: आमच्याकडे फॉल्स सीलिंग करायचं चाललंय, त्याने होईल का काम?

पारसिक
साधं पीओपी किंवा जिप्समचं गुळगुळीत छत बोलण्याच्या पट्टीत जवळजवळ काहीच खात नाही, थोडा खालचा ठोका तेवढा कमी होतो. छिद्रांचे बोर्ड आणि त्यांच्या मागे लोकर, किंवा ऑफिसात असतात तशा खनिज तंतूंच्या टाइल्स घेतल्या तर खरा फरक. करायचंच असेल तर निर्णय आत्ता घ्या, नंतर तोडावं लागतं.

सुईदोरा
रेवाताई, कापड घ्यायला जांभळी नाक्याला जा, बाहेरच्या मॉलमध्ये नको. पाट जोडताना विणीची दिशा एकच राहील हे शिंप्याला सांगून ठेवा, नाहीतर उन्हात पट्टे दिसतात.

रेवा_ठाणे
(पाच आठवड्यांनंतर)
सगळ्यांनी विचारलं होतं म्हणून हिशेब लिहिते. पडदे भरड सुती कापडाचे, सुती अस्तर, शिलाई आणि दांडा धरून ९,८००. तीन चौकटी ४,२००. नौपाड्याहून आणलेल्या दिवाणावर गादीवाल्याकडून जुना कापूस पिंजून नवी गादी आणि दोन लोड, ३,६००. रेक्झिनच्या सोफ्यावर जाड सुती खोळ आणि उशा, २,१००. टेबलक्लॉथ, चकत्या, सतरंजी मिळून १,९००. एकूण २१,६००.

काय जमलं नाही तेही सांगते. सोफ्याच्या खोळीने कानाला काहीच फरक पडला नाही, बसायला बरं वाटतं एवढंच. सतरंजी आईच्या पायात अडकायला लागली म्हणून दुसऱ्याच दिवशी तिच्या वाटेतून काढली, आता फक्त दिवाणासमोर आहे. घरात वयस्कर माणूस असेल तर हे आधी बघा.

सगळ्यात जास्त काम केलं दिवाण, पडदे आणि गोधड्यांनी. गोधड्या आईच्याच आहेत, तिच्या जुन्या लुगड्यांच्या. तिसरी चौकट टांगताना तिने अडवलं, उलटी लावली म्हणाली. कोणतं लुगडं कुठल्या सणाचं हे लेकीला सांगत अर्धा तास उभी होती, टीव्ही चालू असताना.

आता फक्त स्वयंपाकघर उरलंय. ग्रॅनाइटचा ओटा, टाइल्स छतापर्यंत, आणि आईला भाजी निवडायला तिथेच बसायचं असतं. तेल-वाफेत कापड टिकणार नाही. काही सुचतंय का?

पारसिक
ओट्यासमोरची भिंत नको. आईंच्या डोक्यामागची भिंत किती रुंद आहे, आणि गॅसपासून किती लांब?

रेवा_ठाणे
सहा फूट रुंद, गॅसपासून नऊ फूट. उद्या टेप लावून नक्की सांगते.